‘आमचं ठरलंय’ यातले ‘आम्ही’ कोण? कसबा बावड्यातून दिसणारा कोल्हापूर लोकसभेचा इतिहास

१/
कोल्हापूर शहरातून कसबा बावड्याकडे निघाले की वाटेत नवा राजवाडा लागतो. पुढे बावड्यात राजर्षी शाहूंचे जन्मस्थान असलेला लक्ष्मी विलास राजवाडा, छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना आणि डी. वाय. पाटील समूहाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गादी, सहकार आणि शिक्षणसंस्था ही जिल्ह्याच्या राजकारणाची तिन्ही सत्तास्थाने अशी एकाच वाटेवर वसली आहेत.

२/
यामुळे दोन समजुती रूढ झाल्या. पहिली, कोल्हापूर गादीला मानते म्हणून मतही गादीलाच देते. दुसरी, बावड्यासारख्या भागातले मतदान एकगठ्ठा असते, नेत्याने सांगितले की विषय संपला. लोकसभेच्या निकालांचा इतिहास या दोन्ही समजुतींना पुरेसा आधार देत नाही.

३/
१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे आठच वर्षांनी, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या ऐन भरात, १९५७ची निवडणूक आली. तेव्हा कोल्हापूर द्विसदस्य मतदारसंघ होता. शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे शंकरराव दिघे निवडून आले. देशभर काँग्रेसचा दबदबा असताना येथे दोन्ही जागा विरोधकांच्या हाती गेल्या.

४/
त्या कौलामागे ना राजवाडा होता, ना कारखाना. मराठी भाषकांचे राज्य ही मागणी होती आणि शेतकरी व दलित समाजाच्या पक्षांची एकजूट होती. तेव्हाचा ‘आम्ही’ एका घराचा वा गटाचा नव्हता. पुढच्या प्रत्येक निकालाकडे पाहताना ही कसोटी हाताशी ठेवावी लागते.

५/
महाराष्ट्र राज्य झाल्यावर लाट ओसरली. १९६२मध्ये व्ही. टी. पाटील, १९६७मध्ये शंकरराव माने आणि १९७१मध्ये राजाराम निंबाळकर असे तिघे काँग्रेसतर्फे लोकसभेत गेले. मात्र १९६७मध्येच शेजारच्या हातकणंगले मतदारसंघाने राजाराम महाराजांच्या पत्नी विजयमाला राणीसाहेब यांना निवडून दिले, तेही शेतकरी कामगार पक्षाच्या उमेदवार म्हणून. राजघराण्याला तेव्हा मत मिळाले ते सत्तेच्या विरोधी बाकावरून.

६/
आणीबाणीनंतरच्या १९७७च्या निवडणुकीत शेकापचे दाजीबा देसाई येथून विजयी झाले. मताधिक्य केवळ १६५. त्या निवडणुकीत संपूर्ण देशातला हा सर्वांत निसटता विजय होता. एखाद्या गल्लीतली मते इकडची तिकडे झाली असती, तर कोल्हापूरचा खासदार बदलला असता. ‘आपल्या एका मताने काय होते’ या प्रश्नाला यापेक्षा चोख उत्तर नाही.

७/
त्यानंतरचा काळ स्थैर्याचा. १९८० ते १९९६ या काळात काँग्रेसचे उदयसिंहराव गायकवाड सलग पाच वेळा निवडून आले. १९९८मध्ये काँग्रेसकडून आणि १९९९ व २००४मध्ये राष्ट्रवादीकडून कागलचे सदाशिवराव मंडलिक विजयी झाले. दूध संघ, कारखाने आणि जिल्हा बँक यांच्याभोवती गटांची बांधणी घट्ट होत गेली, ती याच दशकांत.

८/
गादीबद्दलच्या समजुतीची खरी परीक्षा २००९मध्ये झाली. राष्ट्रवादीने मंडलिकांना उमेदवारी नाकारून संभाजीराजे छत्रपतींना रिंगणात उतरवले. सत्तरी ओलांडलेले मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि सुमारे ४५ हजार मतांनी जिंकले. त्याच वर्षी विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये, म्हणजे बावडा ज्यात येतो त्या मतदारसंघात, मालोजीराजे छत्रपतीही पराभूत झाले. गादीचा मान तसूभरही कमी झाला नव्हता. मत मात्र वेगळे पडले.

९/
२०१४मध्ये मोदी लाटेतही राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक सुमारे ३३ हजार मतांनी निवडून आले. काँग्रेसचे सतेज पाटील त्यांच्या पाठीशी होते. काही महिन्यांतच विधानसभेला कोल्हापूर दक्षिणमध्ये अमल महाडिक यांनी भाजपकडून सतेज पाटलांचा पराभव केला. कोल्हापूरच्या पुढच्या दशकाची बीजे या एका वर्षात आहेत.

१०/
२०१९मध्ये आघाडीचे अधिकृत उमेदवार पुन्हा महाडिकच होते. बावडा हा ज्यांचा बालेकिल्ला, त्या सतेज पाटलांच्या गटाने ‘आमचं ठरलंय’ म्हणत शिवसेनेच्या संजय मंडलिकांना साथ दिली. निकाल लागला तो दोन लाख सत्तर हजारांच्या फरकाने. शिवसेनेला कोल्हापुरातून प्रथमच खासदार मिळाला, त्यात काँग्रेसच्या एका गटाचा वाटा मोठा होता.

११/
२०२४मध्ये चित्र उलटले. शिवसेनेच्या फुटीनंतर मंडलिक एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले आणि काँग्रेसने शाहू छत्रपतींना उमेदवारी दिली. महायुतीची घोषणा होती, ‘मान गादीला, मत मोदीला’. शाहू छत्रपती सुमारे दीड लाख मतांनी विजयी झाले. २००९ आणि २०२४ शेजारी ठेवले की एवढे स्पष्ट होते: गादी तीच होती, भोवतालचे राजकारण बदलले होते.

१२/
एकगठ्ठा मताची समजूतही तपासून पाहावी. २०२१मध्ये ‘गोकुळ’ची सत्ता सतेज पाटील व हसन मुश्रीफ यांच्या आघाडीने महाडिकांकडून घेतली. २०२३मध्ये मात्र खुद्द बावड्यात असलेला राजाराम कारखाना महाडिक गटाने राखला. कारखान्याचे सभासद अनेक गावांत पसरलेले आहेत, हे खरे. तरीही एका संस्थेतला शब्द दुसऱ्या संस्थेत आपोआप चालत नाही, हे यातून दिसतेच.

१३/
चिंतेची गोष्ट वेगळीच आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांना उमेदवारी दिली, मग ती मधुरिमाराजे छत्रपतींना दिली आणि त्यांनी अखेरच्या दिवशी माघार घेतली. २०१९मध्ये आणि २०२२च्या पोटनिवडणुकीत जिंकलेल्या पक्षाचे चिन्हच मतदानयंत्रावर उरले नाही. पक्षाने अपक्ष लाटकरांना पाठिंबा दिला, निवडून आले शिंदे गटाचे राजेश क्षीरसागर.

१४/
या प्रसंगात मतदाराचे काहीच ठरले नव्हते. जे ठरले आणि मोडले, ते बंद दाराआड. १९५७चा ‘आम्ही’ सभांमधून घडला होता. २०१९चा ‘आम्ही’ गटाच्या बैठकीत घडला आणि मग मतदारांनी उचलून धरला. २०२४च्या विधानसभेला तर मतदाराकडे उचलून धरायलाही काही उरले नाही.

१५/
कोल्हापूर बंडखोर आहे, हा अभिमान निराधार नाही. दिल्ली-मुंबईत ठरलेली उमेदवारी या मतदारसंघाने अनेकदा परतवली आहे. परंतु वरून आलेला निर्णय नाकारून शेजारच्या वाड्यातला निर्णय निमूट स्वीकारला, तर त्याला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही. गादीला मान द्यावा, नेत्याचे ऋणही मानावे. ठरवायचे मात्र मतदारानेच. त्याची किंमत किती, हे १६५ मतांनी एकदा दाखवून दिले आहे.