मावशींच्या नावावर माझी भीती



आमच्या पडघ्यातून धम्मसहल निघते तेव्हा हिशेबाची वही माझ्याकडे असते. बी. कॉम. झालेला आणि त्यातून कारकून, म्हटल्यावर लोक दुसरे काम सांगतच नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरातल्या सहलीची वहीही माझ्याकडेच होती. कल्याणहून रेल्वेने गोरखपूर, तेथून बसने कुशीनगर, मग सुनौलीची हद्द ओलांडून लुंबिनी, असा मार्ग ठरला होता. मंडळी बावीस. त्यांत गोदामात माल चढवणारे-उतरवणारे होते, दोन अंगणवाडी सेविका होत्या, एस. टी. तून निवृत्त झालेले एक वाहककाका होते आणि महापालिकेत सफाई कामगार म्हणून हयात घालवलेल्या आमच्या शेजारच्या मावशी होत्या. वर्षभर दरमहा थोडेथोडे बाजूला टाकून प्रत्येकाने पैसे भरले होते.

घोळ झाला तो काठमांडूवरून. कुणीतरी म्हणाले, "एवढे लुंबिनीपर्यंत जातोच आहोत, तर काठमांडू बघूनच येऊ. बाबासाहेब गेले होते तिथं." खरेच आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब काठमांडूला गेले होते आणि बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावरचे त्यांचे भाषण तेथेच झाले. त्यानंतर काही दिवसांतच ते आपल्यातून गेले. शिवाय स्वयंभू आणि बौद्धनाथ हे दोन मोठे स्तूप तेथे आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण जायचे कसे? लुंबिनीपासून वीस-बावीस किलोमीटरवर भैरहवा आहे, तेथून काठमांडूला विमान जाते, अर्धा-पाऊण तासाचे. विमान छोटे, पंख्यांचे, सत्तरेक माणसांचे. दुसरा मार्ग डोंगरातल्या रस्त्याचा. त्याला आठ-दहा तास, आणि दरड आली तर किती ते कुणीच सांगत नाही.

रविवारी विहारात बैठक झाली. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे विमान, उजवीकडे रस्ता. आम्हा कारकुनांना रेघ मारली की निम्मे काम झाल्यासारखे वाटते.

आता येथे एक गोष्ट कबूल करतो. मी तोपर्यंत विमानात कधी बसलो नव्हतो आणि मला त्याची भीती वाटत होती. साधी नव्हे, रात्री झोप उडवणारी. त्याला कारणही होते. २९ मे २०२२ रोजी नेपाळात पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले बावीस जणांचे लहान विमान डोंगरावर आदळले, कुणीही वाचले नाही. त्यात आपल्या ठाण्याचे एक चौघांचे कुटुंब होते. ठाणे म्हणजे आपला जिल्हा. ती बातमी मी कचेरीत वाचली आणि पुढे कित्येक दिवस ती डोक्यातून गेली नाही. त्याआधी १४ मे २०१२ ला त्याच जोमसोमला असाच अपघात झाला होता. एकवीस जणांपैकी पंधरा गेले. मुंबईची बालकलाकार तरुणी सचदेव आणि तिची आई त्यात होत्या. त्या दिवशी त्या मुलीचा चौदावा वाढदिवस होता. आणि १५ जानेवारी २०२३ ला पोखऱ्यात बहात्तर माणसांचे विमान पडले, तेही पंख्यांचे, म्हणजे आम्ही बसणार होतो त्याच जातीचे.

हे सगळे मला पाठ होते, पण बैठकीत मी काय बोललो? मी म्हणालो, "आपल्या मावशींना विमान झेपायचं नाही. त्यांचा विचार करून आपण रस्त्यानंच जाऊ." आणि उजव्या बाजूला खूण केली.

मावशी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. बोलली ती आमच्या नात्यातली एक वहिनी. तिचे माहेर भुसावळकडचे. ती म्हणाली, "भाऊजी, रस्त्यानं तर मी मुळीच येणार नाही." विहारात एकदम शांत झाले, कारण ती काय सांगते आहे ते सगळ्यांना कळले. तीनच महिन्यांपूर्वी, २३ ऑगस्ट २०२४ ला, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव-भुसावळ भागातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना मर्स्यांगदी नदीत कोसळली होती. सत्तावीस माणसे गेली. मृतदेह वायुसेनेच्या विमानाने जळगावला आणावे लागले. वहिनी त्या गावांतून लहानाची मोठी झालेली. त्याच्या दीड महिना आधी, १२ जुलैला, चितवनमध्ये दरडीने दोन बस त्रिशूली नदीत लोटल्या होत्या, साठाच्या वर माणसे होती त्यांत. आणि सप्टेंबरअखेरच्या पुराने तर काठमांडूला जाणारे रस्तेच ठिकठिकाणी तोडून टाकले.

म्हणजे ज्या बाजूला मी खूण केली होती ती बाजू काही सुरक्षित नव्हती. ती फक्त ओळखीची होती. मुंबई-नाशिक महामार्ग आम्ही रोज ओलांडतो, कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जातात, पण त्याची भीती म्हणून वाटत नाही, कारण पाय जमिनीवर असतात.

वाहककाकांनी मग एक मोलाची गोष्ट सांगितली. "घाटात गाडी जाते ती ड्रायव्हरच्या डोळ्यावर. सहलीची गाडी ठरवताना जेवणाचा मेनू विचारता, तो माणूस किती तास झोपलाय हे कुणी विचारत नाही. एकच ड्रायव्हर आणि रात्रीचा घाट असेल तर मी गाडीत पाय ठेवणार नाही." बैठक निर्णयाशिवाय संपली.

घरी परत येताना मावशी माझ्यासोबत चालत होत्या. गल्लीच्या तोंडाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "बाबा, मी गटारात उतरून काम केलंय. मला काय झेपतं ते तू ठरवू नको. भ्यायला तू आणि नाव माझं?"

मी उत्तर दिले नाही. देण्यासारखे काही नव्हते.

त्यानंतर मी नीट माहिती काढली. ती येथे सांगतो, कारण आपल्या बऱ्याच वस्त्यांतून आता अशा सहली जातात. नेपाळातली सगळी छोटी विमाने एकाच मापाची नाहीत. जोमसोम, लुक्ला अशा डोंगरातल्या धावपट्ट्यांवर जाणारी विमाने बहुधा एकोणीस आसनांची असतात. धावपट्टी अगदी आखूड. तेथे वैमानिकाला मुख्यतः डोळ्यांनी बघत, दोन डोंगरांच्या मधून वाट काढत जावे लागते. जोमसोमच्या दरीत सकाळ उलटली की जोराचा वारा सुटतो, म्हणून उड्डाणे सकाळीच उरकतात. ढग आले की दिसत नाही, आणि दिसत नसताना पुढे जाणे हाच मोठा धोका. २०२२ च्या अपघातात ढगाळ हवाच होती. म्हणून तेथे "आज विमान रद्द" असे कुणी सांगितले तर त्याच्याशी भांडू नये, त्याचे आभार मानावेत. आपले लोक भांडतात, कारण पैसे भरलेले असतात आणि परतीचे रेल्वेचे तिकीट दुसऱ्या दिवशीचे असते. सहल आखतानाच एक दिवस मोकळा ठेवला की भांडण होत नाही.

भैरहवाचे प्रकरण वेगळे. भैरहवा सपाट तराईत आहे. धावपट्टी लांब आहे, २०२२ च्या बुद्धपौर्णिमेपासून तो आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला. विमान मोठे असते, दोन वैमानिक असतात. पण म्हणून धोका नाही असे मी लिहिणार नाही. २०२३ च्या पोखऱ्याच्या अपघाताच्या चौकशीत आढळले की उतरताना एका दांड्याऐवजी भलतेच दांडे ओढले गेले आणि दोन्ही पंख्यांची ओढ गेली. हवा स्वच्छ होती, विमान धड होते, चूक हाताची होती. युरोपीय संघाने तर २०१३ च्या डिसेंबरात नेपाळच्या सर्व विमान कंपन्यांना आपल्याकडे यायला बंदी घातली आणि पुढची दहा वर्षे उलटून गेली तरी ती उठवली नाही. हे सगळे मी पुढच्या बैठकीत जसेच्या तसे वाचून दाखवले, आणि शेवटी म्हणालो, "मागच्या खेपेला मी मावशींचं नाव घेतलं. भीती माझी होती." दोघे-तिघे हसले. मग एकेक जण आपापली भीती सांगू लागला. गोदामातला एक धिप्पाड गडी म्हणाला की त्याला आकाशपाळण्यातसुद्धा चक्कर येते.

ठरले ते असे. डोंगरातल्या रस्त्याने कुणीही जायचे नाही. ज्यांना यायचे त्यांनी भैरहवाहून विमानाने काठमांडूला जायचे आणि विमानानेच परत यायचे. ज्यांना नको त्यांनी ते दोन दिवस लुंबिनीतच राहायचे, आणि त्यांना कुणी भित्रा म्हणायचे नाही. तेरा आणि नऊ अशी वाटणी झाली. मावशी नऊमध्ये राहिल्या. "भीतीनं नाही, गुडघ्यानं," असे त्यांनी वहीत लिहून घ्यायला लावले. स्वयंभूच्या पायऱ्या पुष्कळ आहेत.

कागदपत्रांचा घोळ व्हायचाच होता. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जायचे तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवे. कित्येकांच्या खिशात आधार तेवढे होते. दोघांच्या ओळखपत्रावर आडनाव वेगळ्या तऱ्हेने छापलेले. तिकिटावर ओळखपत्राप्रमाणेच नाव घालायचे, हे मी प्रत्येकाच्या घरी जाऊन तपासले. हे काम मला जमते.

लुंबिनीला पोहोचलो त्या दिवसाविषयी पूर्वीच्या सहलींच्या वेळी लिहिले आहे, म्हणून लांबवत नाही. एकच सांगतो. अशोकस्तंभावरच्या लेखात, भगवान बुद्ध येथे जन्मले म्हणून सम्राटाने गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा हिस्सा आठव्या भागावर आणला, असे कोरलेले आहे. श्रद्धेची नोंद आणि महसुलाची नोंद एकाच दगडावर. माझ्यासारख्याला आणखी काय हवे?

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. मागच्या दाराने छोटी शिडी चढून आत गेलो. माझी जागा पंखाजवळ होती, मुद्दाम मागून घेतलेली, कारण विमान हलते तेव्हा मध्यभाग कमी हलतो. पंखे फिरू लागले तेव्हा गिरणीत उभे राहिल्यासारखा आवाज झाला. वर गेल्यावर थोड्या वेळाने पोटात खड्डा पडला आणि मला वाटले, झाले! तसे काही नव्हते. चढताना इंजिनाचा जोर थोडा कमी करतात आणि चढण सौम्य करतात, तेव्हा तसे वाटते. त्याआधी खालून धप्प आवाज आला होता, तो चाके आत घेतल्याचा. हे मला आधीच माहीत झाले असते तर निम्मा घाम वाचला असता, म्हणून लिहितो आहे. डोंगरांवर आलो तेव्हा हादरे सुरू झाले. वारा डोंगरावर आपटून वर-खाली होतो आणि हलके विमान त्यावर होडीसारखे डोलते. शेजारी बसलेला तो धिप्पाड गडी कानाशी म्हणाला, "दादा, भिवंडीचा रस्ता यापेक्षा वाईट." मला हसू आले, आणि हसताना कळले की मी कधीचा श्वास कोंडून धरला होता. मग विहारात शिकवतात तसे श्वासाकडे लक्ष दिले, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या. बाहेरचा थोडा लांब. भीती गेली नाही. पण हाताची मूठ सुटली.

डाव्या बाजूच्या लोकांना हिमाची शिखरे दिसली म्हणे. सगळे "अहाहा" करत होते. मी पुढच्या आसनाच्या पाठीकडे बघत होतो.

परतीच्या दिवशी विमान चार तास उशिरा निघाले. काठमांडूला आकाशात गर्दी असते, उड्डाणे एकमेकांसाठी अडतात. तिसऱ्या तासाला आमच्यातलाच एक जण काउंटरवर आवाज चढवू लागला. वहिनी उठली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढेच म्हणाली, "बसा. उशीरच झालाय ना?" तो बसला.

लुंबिनीत पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. मावशी मुक्कामाच्या जागी ओट्यावर बसल्या होत्या. दोन्ही दिवस त्या मायादेवी मंदिराच्या तळ्याकाठी जाऊन बसल्या होत्या, आणि बर्मी बायकांशी खुणांनी बोलून त्यांनी ओळखी करून घेतल्या होत्या. मला बघून त्यांनी विचारले, "वरून कसं दिसलं रे?"

"मावशी, मी खाली बघितलंच नाही."

"मग माझं तिकीट काढून तूच इथं बसायचं होतंस," त्या म्हणाल्या आणि खूप हसल्या.

२०२४ च्या वहीत काठमांडूच्या खर्चाचे पान मी पुन्हा लिहून काढले आहे. मधोमध मारलेली पहिली रेघ तशीच ठेवली आहे. पुढच्या सहलीची नावे घेणे सुरू झाले आहे. मावशींनी गुडघ्याला तेल लावून नाव दिले आहे आणि खिडकीची जागा मागितली आहे. पहिला हप्ता त्यांनी भरला, पावती क्रमांक एक.