कोमट बिअर? छे हो!

आमच्या देशी मंडळींची ठरलेली रड: "कोमट आहे, बुडबुडेपण नाहीत!" अरे बाबांनो, रिअल एल पिंपातच दुसऱ्यांदा आंबते, तिच्यात वरून गॅस मारत नाहीत. ती ११ ते १३ अंशांनाच प्यायची. बर्फगार केली की चव मेली!

केंब्रिजच्या जीझस ग्रीनवर मे महिन्यात भरणारा बिअर महोत्सव १९७४ साली सुरू झाला. तिथे आम्ही चौघं अर्धा-अर्धा पाइंट चाखत फिरतो. मजा येतेच. पण वर्षातून एकदा फोटो काढून रिअल एल टिकत नाही राव! उघडलेलं पिंप तीनेक दिवसांत उतरतं. गिऱ्हाईक नसेल तर पबवाला ते ठेवेलच कशाला?

१९७१ साली चौघांनीच 'कॅम्रा' ही चळवळ सुरू केली होती. आपल्याला फक्त शुक्रवारी लागर सोडून हँडपंपाकडे बोट दाखवायचंय. एवढं जमेल ना?