अलंकार मोजून भाषण कळत नाही

भाषणाचं विश्लेषण करणाऱ्या निबंधाला गुण द्यायचे कसे, यावर बऱ्याच शिक्षकांचं एक ठरलेलं उत्तर असतं. वक्तृत्वाच्या साधनांची यादी करावी आणि विद्यार्थ्याने त्यातली जितकी ओळखली तितके गुण द्यावेत. पुनरुक्ती सापडली, एक गुण. विरोध सापडला, आणखी एक. ऐतिहासिक दाखला, प्रश्नार्थक वाक्य, भावनेला आवाहन. सगळ्यांवर बरोबरच्या खुणा झाल्या की बेरीज मांडायची आणि पुढची उत्तरपत्रिका ओढायची.

या पद्धतीच्या बाजूने जे बोललं जातं ते हलकं नाही. गठ्ठे मोठे असतात, मुदत थोडी असते. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आला की दिलेल्या प्रत्येक गुणाचा हिशेब द्यावा लागतो. ‘उत्तर चांगलं वाटलं’ हे कारण तिथे चालत नाही. शिवाय परीक्षकाच्या आवडीनिवडीवर मुलांचं भवितव्य सोडू नये, हा आग्रह न्यायाचाच आहे आणि तो मलाही मान्य आहे. पण यादीने हा न्याय मिळतो, हे मला अजिबात मान्य नाही.

एक भाषण घेऊन बघू. 25 नोव्हेंबर 1949 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत केलेलं. समजा, एका विद्यार्थ्याने लिहिलं: ‘या भाषणात ऐतिहासिक दाखले, प्रश्नार्थक वाक्ये, आकडेवारी व विरोध यांचा प्रभावी वापर आढळतो.’ प्रत्येकाचं एकेक उदाहरणही दिलं. यादीप्रमाणे त्याला पैकीच्या पैकी गुण आहेत.

दुसऱ्याने दोनच गोष्टी पाहिल्या. भाषणाची सुरुवात जवळजवळ हिशेबनिसाच्या थाटात होते, हे त्याच्या लक्षात आलं. सभेचं काम दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस चाललं. सुचवल्या गेलेल्या दुरुस्त्या 7,635, प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या 2,473. अमेरिकेने आपली घटना चार महिन्यांत उरकली, पण आपल्या मूळ संविधानात 395 कलमं होती. एवढे आकडे कशासाठी? तर वेळ आणि पैसा वाया घालवल्याचा आरोप आधी निकालात काढायचा होता. तो काढून, टीकाकारांना उत्तरं देऊन झाल्यावर बाबासाहेब म्हणतात की, मी इथेच थांबू शकलो असतो. आणि थांबत नाहीत. देशाच्या भवितव्याची चिंता तिथून सुरू होते. विद्यार्थ्याने भाषणाचा सांधा नेमका पकडला आहे: आधी शंका फेडल्या, मग त्याच श्रोत्यांना अस्वस्थ केलं.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. सिंधचा दाहीर, जयचंद, शिवाजी महाराज स्वातंत्र्यासाठी लढत असताना मोगलांच्या बाजूने लढणारे मराठे सरदार आणि रजपूत राजे. या साऱ्यांत समान काय? परक्याचं बळ नव्हे, घरच्यांची फितुरी. म्हणून सभागृहातल्या कोणालाच बाहेर बोट दाखवायची सोय राहत नाही आणि इतिहासाची पुनरावृत्ती होईल का, हा प्रश्न थेट समोर बसलेल्यांच्या अंगावर येतो. ‘ऐतिहासिक दाखला’ या नावात यातलं काहीही नाही. तरी यादीच्या हिशेबात हा विद्यार्थी पहिल्याच्या मागे पडतो, कारण त्याने साधनं दोनच ओळखली. याला वस्तुनिष्ठता म्हणायचं असेल तर ती गाईड पाठ करणाऱ्याच्या सोयीची आहे.

दुसरा एक समज याहून नाजूक आहे. थोर माणसाच्या भाषणावर लिहायचं म्हणजे गौरवच करायचा, असं अनेक मुलांना वाटतं. परीक्षकही अशा उत्तराचे गुण कापायला कचरतो. अनादर केल्यासारखं वाटतं. पण याच भाषणात बाबासाहेबांनी जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेऊन बजावलं होतं की आपलं स्वातंत्र्य कितीही मोठ्या माणसाच्या चरणी वाहू नका. धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असं त्यांचं म्हणणं. त्या भाषणावरचा भक्तिपर निबंध भाषण न वाचता लिहिलेला असतो. त्याला कमी गुण देणं म्हणजे बाबासाहेबांचा मान राखणंच आहे. आणि त्यांचा एखादा मुद्दा अपुरा वाटला असं कोणी सकारण लिहिलं, तर ते उत्तर उलट अधिक आदराने वाचावं.

मग मोजमाप टाकून द्यायचं का? नाही. ते योग्य जागी लावायचं. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या ‘एपी इंग्लिश लँग्वेज’ परीक्षेत नेमका असा निबंध असतो: दिलेल्या मजकुरातल्या वक्तृत्वाचं विश्लेषण. तो सहा गुणांचा. एक गुण स्पष्ट प्रतिपादनाला, एक विचाराच्या प्रगल्भतेला आणि तब्बल चार गुण पुरावा व त्यावरच्या भाष्याला. वक्त्याची निवड त्याच्या म्हणण्याला कशी बळ देते हे समजावल्याशिवाय त्या चारांतले वरचे गुण मिळत नाहीत. परीक्षकांना आधी नमुना उत्तरं तपासायला देऊन त्यांची नजर एका पातळीवर आणली जाते. म्हणजे स्पष्टीकरणही मोजता येतं, त्याचाही हिशेब देता येतो. तिथेही साचेबंद निबंध लिहिले जातात, पण निदान गुणांचा काटा बरोबर दिशेला झुकलेला आहे.

खेड्यातल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना हे झेपणार नाही, ही हरकत मला सगळ्यांत जास्त खटकते. गावच्या सभेत कोण काय बोलला, कोणाला उद्देशून बोलला आणि कोणता विषय मुद्दाम टाळला, हे त्या मुलांना पक्कं कळतं. त्यांच्याकडे नसतात ती पारिभाषिक नावं, आणि आपण गुण नेमके नावांना देतो. शुद्धलेखनाचे गुण वेगळे ठेवा. विचाराच्या गुणांतून ते कापू नका.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. ‘भाषणातील वक्तृत्वगुण सोदाहरण स्पष्ट करा’ हा प्रश्न काढून टाका. भाषणातला एक उतारा छापा आणि विचारा: वक्त्याने हे याच ठिकाणी, याच श्रोत्यांपुढे, अशा रीतीने का मांडलं? दहापैकी सहा गुण त्या ‘का’च्या उत्तराला ठेवा, आणि गठ्ठा उघडण्यापूर्वी सर्व परीक्षकांनी तीन-चार उत्तरं एकत्र बसून तपासावीत.