डेटा सेंटरला सवलत द्या, पण विजेचा आणि पाण्याचा हिशेब घेऊन : मावळचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. ऊर्जामंत्री व मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य
मार्फत : मा. तहसीलदार, मावळ, वडगाव मावळ
प्रत : महाऊर्जा, महावितरण, एमआयडीसी

विषय : डेटा सेंटरमधील ऊर्जाबचतीसाठी बंधनकारक अटी घालण्याबाबत.

महोदय,

आम्ही मावळ तालुक्यातील वीजग्राहक, शेतकरी आणि सर्व्हर रूम, यूपीएस व एसीच्या देखभालीवर पोट असलेले तंत्रज्ञ आहोत. डेटा सेंटरला आमचा विरोध नाही. ऑनलाइन सातबारा, मोबाइलवरून दिलेले दुधाचे पैसे, मुलांचे निकाल हे सारे अशाच केंद्रांतून चालते. पुण्यात मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा २०१५ मध्ये सुरू झाली. नवी मुंबईच्या ऐरोली, महापे, रबाळे पट्ट्यात तर देशातील मोठी केंद्रे उभी आहेत. उद्या हा उद्योग तळेगाव एमआयडीसीकडे वळला, तर अटी आधी ठरलेल्या असाव्यात, एवढ्यासाठीच हे मागणीपत्र आहे.

विजेची आणि पाण्याची किंमत मावळला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचे पाणी घाट उतरून खोपोलीत १९१५ पासून वीज तयार करते. ठोकळवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या पवनेच्या बंद जलवाहिनीविरोधातील आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलीस गोळीबार झाला आणि तीन आंदोलकांचे प्राण गेले. इथली जमीन आणि पाणी मागणाऱ्या प्रत्येक उद्योगाने आपल्या गरजेचा पुरावा द्यावा, असे आम्ही म्हणतो त्यामागे हा इतिहास आहे.

वीज नेमकी वाया कुठे जाते, हे आम्ही रोज पाहतो. एका कार्यालयाच्या सर्व्हर रूममध्ये एसी १८ अंशांवर लावलेला असतो आणि आत जाणारा माणूस स्वेटर घालून जातो. रॅकमधल्या रिकाम्या खणांना झाकणे नसतात. सर्व्हरच्या पाठीमागची गरम हवा त्या फटींतून पुन्हा पुढे येते, म्हणून थंडावा आणखी वाढवला जातो. पत्र्याची काही झाकणे लावली की काम भागते. पण वीजबिल वेगळा विभाग भरतो, म्हणून ती कुणी लावत नाही.

हा अपव्यय मोजायची रीत साधी आहे. केंद्राने घेतलेल्या एकूण विजेला संगणकांपर्यंत पोहोचलेल्या विजेने भागायचे. येणाऱ्या आकड्याला पीयूई म्हणतात. तो १ च्या जितका जवळ, तितके केंद्र काटकसरी. जगातील सरासरी गेली काही वर्षे १.५५ ते १.६ च्या आसपास अडकली आहे, तर गूगल आपल्या केंद्रांची सरासरी सुमारे १.१ असल्याचे जाहीर करते. संगणकांचा लोड १ मेगावॉट धरला आणि हा आकडा १.६ वरून १.३ वर आणला, तर वर्षाला २६ लाख २८ हजार युनिट वाचतात. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या सुमारे २,१९० घरांची ही वर्षभराची वीज आहे. मोठी केंद्रे दहापट, पन्नासपट लोडची असतात आणि राज्याची वीज आजही मुख्यतः कोळशावर तयार होते.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. हिशेब जाहीर करा. ५०० किलोवॉटवरील प्रत्येक केंद्रात संगणक, शीतकरण आणि यूपीएस यांना स्वतंत्र मीटर बसवावेत. वर्षाची एकूण वीज, पीयूई आणि पाण्याचा वापर महाऊर्जाकडे नोंदवून जनतेसाठी खुला करावा. युरोपीय संघाने याच मर्यादेवरील केंद्रांना माहिती देणे बंधनकारक केले आहे. जे तिथे मागता येते, ते इथेही मागता यावे.

२. सवलत कामगिरीशी बांधा. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरला वीज शुल्कात सवलत आहे. ती सरसकट न देता, मोजलेल्या वार्षिक पीयूईवर दरवर्षी नव्याने द्यावी. जर्मनीने जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या नव्या केंद्रांसाठी १.२ ही मर्यादा कायद्यात घातली. आपले हवामान उष्ण आहे, हे मान्य करून आम्ही नव्या केंद्रांसाठी १.४ मागतो. अट मोडली, तर त्या वर्षाची सवलत परत घ्यावी.

३. गरजेपुरताच थंडावा. सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश ही जगभर मान्य शिफारस आहे. मग १८ चा हट्ट कशाला? सिंगापूरसारख्या दमट शहरानेही २०२३ मध्ये २६ अंश व त्याहून अधिक तापमानावर केंद्रे चालवण्याचे मानक आणले. गरम व थंड हवेचे मार्ग वेगळे करणे, रिकाम्या खणांना झाकणे लावणे आणि पंख्यांचा वेग गरजेनुसार बदलणे बंधनकारक करावे. पंख्याचा वेग २० टक्क्यांनी उतरवला की त्याची वीज जवळजवळ निम्मी होते. थंडीत मावळच्या रात्रीची हवाच पुष्कळ काम करील. ती वापरण्याची सोय आराखड्यातच हवी.

४. पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याला हात नको. पाणी उडवून थंडावा मिळवला की विजेचा आकडा सुधारतो, पण बोजा नदीवर पडतो. एक युनिट उष्णता घालवायला सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ होते. १ मेगावॉटची सगळी उष्णता अशी घालवली, तर दिवसाला ३६ हजार लिटर, म्हणजे १२ हजार लिटरचे तीन टँकर लागतात. म्हणून वीज आणि पाणी हे दोन्ही आकडे एकत्रच तपासावेत. पवना आणि इंद्रायणीचे ताजे पाणी देऊ नये. प्रक्रिया केलेले सांडपाणीच द्यावे.

५. गावाच्या फीडरवर भार नको. मोठ्या केंद्राला स्वतंत्र उपकेंद्र असावे आणि त्याचा खर्च कंपनीने करावा. त्याच्या लोडपायी शेतीपंपाचे तास कमी होता कामा नयेत.

६. सुरुवात सरकारने स्वतःपासून करावी. शासकीय कार्यालये, महामंडळे आणि महापालिकांच्या सर्व्हर रूमची ऊर्जा तपासणी एका वर्षात पूर्ण करावी. काम न करता चालू राहिलेले जुने सर्व्हर शोधून बंद करावेत. निविदेत खरेदीच्या किमतीबरोबर पाच वर्षांचे वीजबिलही धरावे.

७. कौशल्य इथल्या मुलांना द्या. परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये पुण्यात सी-डॅकने घडवला. पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्म थेट द्रवाने थंड होतो. हे ज्ञान जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आहे. सी-डॅकच्या मदतीने आयटीआयमध्ये शीतकरण, यूपीएस आणि ऊर्जामापनाचा अभ्यासक्रम सुरू करावा आणि सवलत घेणाऱ्या कंपन्यांनी त्यातून भरती करावी.

या अटींनी उद्योग पळून जाईल, असे सांगितले जाते. आमचा अनुभव उलट आहे : वाचलेले प्रत्येक युनिट कंपनीचेच बिल कमी करते. चांगल्या कंपन्यांना ही अट जड नाही. ती जड जाईल फक्त सवलतीच्या विजेवर उधळपट्टी करणाऱ्यांना आणि त्यांचा भार मावळने का उचलावा?

या मागण्यांवर महाऊर्जा, महावितरण आणि एमआयडीसी यांच्या अधिकाऱ्यांसह वडगाव येथे एका महिन्यात बैठक बोलवावी आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे. तोवर तालुक्यातील कोणत्याही नव्या डेटा सेंटरला पाणी व वीज शुल्क सवलतीची मंजुरी देऊ नये, ही आग्रहाची मागणी.

आपले,
मावळ तालुक्यातील वीजग्राहक, शेतकरी व तंत्रज्ञ
वडगाव मावळ