अंबरनाथमध्ये पाणबुडीचं तंत्र, पण पाणबुडी आतून बघायला गाठावं लागतं विशाखापट्टणम!

कुळगाव : सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात नौदलाचं निवृत्त जहाज 'आयएनएस गुलदार' तळाशी बसवायचं, तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायचं आणि पर्यटकांना छोट्या पाणबुडीतून ते दाखवायचं, असा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतला आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने त्यासाठी 46 कोटी 91 लाख रुपये मंजूर केले. देशातला असा पहिलाच प्रकल्प म्हणून त्याचा गाजावाजा झाला. कोकणासाठी ही चांगलीच गोष्ट आहे. पण बदलापूर, वांगणी, अंबरनाथच्या खेड्यातला माणूस, त्याची म्हातारी आई, आठवीतली पोरगी, यांच्या वाट्याला त्यातलं काय येणार, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. बरेच जण गुलदारलाच पाणबुडी समजतात. ती पाणबुडी नाही. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारं ते जहाज. लांबी सुमारे 84 मीटर, बांधलं पोलंडमध्ये, नौदलात आलं 30 डिसेंबर 1985 ला आणि 12 जानेवारी 2024 ला पोर्ट ब्लेअरला निवृत्त झालं. असं जहाज बुडवण्याआधी त्यातलं तेल, वायरी, विषारी रंग सगळं काढावं लागतं, आत शिरलेल्या माणसाला बाहेर पडता यावं म्हणून मोठी भोकं पाडावी लागतात. मग काही वर्षांत त्यावर शेवाळ आणि प्रवाळ धरतं, मासे घर करतात. अमेरिकेने 2006 मध्ये फ्लोरिडाजवळ 'ओरिस्कनी' ही अख्खी विमानवाहू नौका अशीच बुडवली. जगभरचे डायव्हर ती बघायला जातात.

डायव्हर जातात, हे महत्त्वाचं. पहिल्यांदा स्कुबा करणाऱ्याला साधारण 12 मीटरच्या खाली नेत नाहीत. पुढचा कोर्स केला तर 18 मीटर, त्याच्या पुढचा केला तर 30. दमा असलेल्याला, हृदयाचा त्रास असलेल्याला डॉक्टरच्या परवानगीशिवाय उतरवत नाहीत, आणि उतरवूही नये. म्हणजे बुडवलेलं जहाज नीट बघणार तो पैसेवाला, तरुण, पोहणारा माणूस. बाकीच्यांसाठी पर्यटक पाणबुडी, पण तिचं तिकीट किती असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

सुरक्षेचं काय? मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा जीव गेला. मार्च 2025 मध्ये इजिप्तमध्ये हुरघाडाला पर्यटकांची 'सिंदबाद' पाणबुडी बुडाली, सहा जण गेले. ती काही खोल समुद्रात गेली नव्हती, किनाऱ्याजवळच होती. पर्यटन नको असा याचा अर्थ नाही. पण उद्घाटनाची फीत कापताना जेवढी माणसं असतात, तेवढी लाइफ जॅकेट तपासायला नसतात, हा आपल्याकडचा अनुभव आहे.

आता दुसरी बाजू बघा. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर 'आयएनएस कुरसुरा' ही खरी पाणबुडी वाळूत काँक्रीटच्या पायावर उभी आहे. 91 मीटर लांब, रशियन बनावटीची. डिसेंबर 1969 मध्ये नौदलात आली, 1971 च्या युद्धात अरबी समुद्रात गस्त घातली आणि 31 वर्षांत 73,500 सागरी मैल फिरून फेब्रुवारी 2001 मध्ये निवृत्त झाली. तिला समुद्रातून ओढून 600 मीटरवर आणून बसवायलाच दीड वर्ष गेलं. खर्च साडेपाच कोटींच्या घरात. ऑगस्ट 2002 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली आणि पहिल्या चार महिन्यांत सुमारे 93 हजार लोक आत जाऊन आले. माहिती सांगायला निवृत्त नौसैनिकच ठेवले. चालवते तिथली नगर विकास संस्था.

आत गेल्यावर काय दिसतं? पुढे सहा टॉर्पेडो नळ्या, मागे चार. टॉर्पेडोच्या शेजारीच झोपायच्या फळ्या. एका खोलीतून दुसरीत जायला गोल भोक, त्यातून वाकून, पाय आधी टाकून जायचं. तीन मोठी डिझेल इंजिनं. सुमारे 75 माणसं एवढ्या जागेत महिना-महिना राहायची, अंघोळीला गोडं पाणी नाही, दिवस-रात्र कळत नाही. पुस्तकात चार पानं वाचून जे कळत नाही, ते त्या भोकातून एकदा वाकून गेलं की कळतं. यासाठी पोहता यावं लागत नाही, इंग्रजी यावं लागत नाही. म्हातारं माणूसही हळूहळू जाऊन येतं.

त्याच विशाखापट्टणमच्या समुद्रात दुसरी एक पाणबुडी आहे, ती मात्र बघायला मिळत नाही. पाकिस्तानची 'गाझी'. 1971 च्या 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री ती तिथे बुडाली, 90 हून जास्त माणसांसकट. शत्रूची असली तरी आपल्या नौदलाने तिला हात लावलेला नाही, कारण ती आता कबर आहे. बुडालेल्या पाणबुड्या बघायचा छंद जगात वाढतो आहे, पण प्रत्येक बुडालेली नौका सहलीची जागा नसते. मुंबईच्या गोदीत 14 ऑगस्ट 2013 ला 'सिंधुरक्षक'मध्ये स्फोट झाला, 18 जवान गेले. तिचा सांगाडा वर काढून पुढे 2017 मध्ये खोल समुद्रात सोडला. तिथे कोणी फोटो काढायला जाणार नाही, तेच बरं.

एक गोष्ट कडू वाटेल पण खरी आहे. 9 डिसेंबर 1971 ला आपली 'खुकरी' ज्या पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली, 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले, ती 'हंगोर' कराचीच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. आणि त्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम केलेली आपली 'विक्रांत'? 1997 ला निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली, 2012 मध्ये धोकादायक म्हणून बंद झाली. सांभाळायला पैसे नाहीत म्हणून राज्याने हात वर केले. 2014 मध्ये सुमारे 60 कोटींना विकली आणि दारूखान्यात तोडली. तिच्या पोलादाचा थोडा अंश घालून बजाजने 'व्ही' मोटारसायकल काढली. खेड्यापाड्यात अजून ती गाडी दिसते. विक्रांत बघायची तर आता ती टाकी बघायची.

'विराट'चं तर आणखी वेगळं. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 852 कोटींचा आराखडा मंजूर केला. जागा हीच, निवती. सप्टेंबर 2020 मध्ये विराट गुजरातच्या अलंगला भंगारात पोचली. आपल्याकडे एकतर साध्या डागडुजीला पैसे नसतात, नाहीतर एकदम 852 कोटींचा बेत असतो. मधलं काही सुचतच नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकवणं म्हणजे दर वर्षीचा खर्च. बांधताना एकदा फोटो काढून तो भागत नाही. राजकोटला डिसेंबर 2023 मध्ये उभारलेला पुतळा ऑगस्ट 2024 मध्ये कोसळला, ते सगळ्यांनी बघितलं. तमिळनाडूनेही 'वागली' ही निवृत्त पाणबुडी महाबलीपुरमला ठेवायचं ठरवलं होतं, तेही झालं नाही. म्हणजे काम सोपं नाही, हे मान्य.

पण कुळगावच्या माणसाने यात का पडावं? कारण पाणबुडीचा एक धागा थेट आपल्या तालुक्यातून जातो. अंबरनाथला डीआरडीओची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे, एनएमआरएल. साधी पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की डिझेल इंजिन लावावं लागतं, आणि इंजिनाला हवा लागते, म्हणून पृष्ठभागाजवळ यावं लागतं. शत्रू नेमका तेव्हाच टिपतो. हवेशिवाय वीज तयार करणारी, जास्त दिवस खाली ठेवणारी यंत्रणा म्हणजे एआयपी. फ्युएल सेलवर चालणारी ही यंत्रणा अंबरनाथच्या या प्रयोगशाळेने विकसित केली. 8 मार्च 2021 ला जमिनीवरची तिची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. ती पाणबुडीत बसवण्यासाठी 30 डिसेंबर 2024 ला संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी सुमारे 1,990 कोटींचा करार केला. माझगावलाच कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर, वाघशीर या सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या. म्हणजे यंत्रणा अंबरनाथची, बांधणी मुंबईची, आणि इथल्या पोरांनी पाणबुडी पाहिली ती फक्त मोबाइलवर.

नौदलाशी इथली ओळख तशी संकटातली. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवासी आत. तेव्हा एनडीआरएफच्या बोटींबरोबर नौदलाचे पाणबुडेही आले होते.

कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ नौदलाची टी-80 ही निवृत्त गस्ती नौका स्मारकासाठी आणली आहे. शिवरायांच्या आरमाराची सुरुवात जिथली मानतात, तिथे ती शोभते. मुख्य म्हणजे लोकल आणि रिक्षाने पोचता येतं. हीच वाट पुढे न्यायला हवी. रशियाकडून 1986 ते 2000 दरम्यान घेतलेल्या सिंधुघोष वर्गाच्या दहा पाणबुड्यांपैकी उरलेल्यांचं आयुष्य आता संपत आलं आहे. 'सिंधुध्वज' जुलै 2022 मध्ये निवृत्त झाली, बाकीच्याही एकेक करून जाणार. त्यातली एक राज्याने मागून घ्यावी, ठाणे किंवा मुंबईच्या खाडीकाठी, रेल्वे स्टेशनजवळ जमिनीवर बसवावी. मागणी करायची ती लिलावाच्या आधी. आणि देखभालीची रक्कम त्याच कागदावर लिहून घ्यावी, चालवणारी संस्था ठरवूनच. आमदार-खासदारांनी यात एक पत्र लिहायला काय हरकत आहे?

तोपर्यंत ज्यांना बघायचंच आहे त्यांच्यासाठी : विशाखापट्टणमची एक्स्प्रेस कल्याणला थांबते, एक दिवस-रात्रीचा प्रवास आहे. कुरसुराची सुट्टी कोणत्या वारी ते आधी बघून निघावं. निवतीला जायचं तर दिवा-सावंतवाडी गाडीने कुडाळला उतरावं. पोहता येत नसेल तर स्कुबावाल्याला तसं आधी स्पष्ट सांगावं, आणि बोटीत पाय ठेवण्याआधी जॅकेट अंगात घालावं, हातात घेऊन बसू नये.