तक्रार कोणत्या दारी?

मुलुंडच्या एका झोपु इमारतीत मागच्या रविवारी बैठक होती. लिफ्ट चार महिने बंद. सातव्या मजल्यावरच्या आजी तेव्हापासून खाली उतरल्याच नव्हत्या, म्हणून बैठक त्यांच्याच दारासमोर, जिन्यात बसून झाली. तक्रार केली का, असे आम्ही विचारले. सगळे म्हणाले, दहा वेळा केली. कोणी माजी नगरसेवकाला सांगितले होते, कोणी बिल्डरच्या माणसाला, कोणी वॉर्ड ऑफिसात बोलून आले होते. कागद मात्र एकही नव्हता.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. तोंडी तक्रार टेबलावरून कशी उडून जाते ते आम्हाला चांगले ठाऊक आहे. ज्या अर्जावर आवक क्रमांक पडतो, त्याचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागते.

आधी आपले घर कोणत्या खात्याचे ते वाटपपत्रावर पाहावे. म्हाडाची वसाहत असेल तर सेवाशुल्क, गळती, हस्तांतरण यासाठी मुंबई मंडळाचा मिळकत व्यवस्थापक. संक्रमण शिबिरात राहणाऱ्यांचे दार वेगळे, ते दुरुस्ती मंडळाचे. ही दोन्ही कार्यालये वांद्रे पूर्वेच्या गृहनिर्माण भवनात आहेत. तेथे लोकशाही दिनही होतो, पण त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो.

झोपु घर असेल तर वांद्र्याचेच झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. बांधकाम निकृष्ट असेल तर तेथील आपल्या विभागाचा कार्यकारी अभियंता. सोसायटीचे पदाधिकारी हिशेब दाखवीत नसतील किंवा निवडणूक घेत नसतील तर तेथलाच सहकार निबंधक. बिल्डरने भाडे थकविले असेल तर तेही प्राधिकरणाकडेच. दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरावे आणि तिसऱ्या वर्षाचे धनादेश द्यावेत, असा आदेश 2023 साली निघाला. आपल्या बिल्डरने ते भरले का, हे विचारण्याचा हक्क आपला आहे. कोणी महारेराकडे जा म्हणेल. पण फुकट मिळणारे पुनर्वसनाचे घर त्यांच्या कक्षेत येत नाही, तेथे फेऱ्या मारू नका. अपात्र ठरविले असेल तर मुदतीत अपील करा. ते शेवटी शिखर तक्रार निवारण समितीपर्यंत जाते.

बाहेरचे गटार, कचरा, पाण्याची मुख्य लाइन हे महापालिकेचे. घाटकोपरला एन वॉर्ड, मुलुंडला टी, बोरिवलीला आर मध्य. फोन 1916. आगीच्या धोक्याचीही तक्रार महापालिकेकडेच. गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी इमारतीत 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे तळमजल्यावर आग लागली, ती गाड्यांनी आणि साठवलेल्या जुन्या कपड्यांनी भडकली, आणि झोपेतली माणसे गेली. ती झोपुचीच इमारत होती. आपल्या जिन्यातली अडगळ कोणाची आहे ते आपल्या सर्वांना माहीत असते, तरी शेजाऱ्याचे मन कोण दुखवणार, म्हणून गप्प बसतो.

लेखी तक्रार किती लांब जाते पाहा. 2004 साली कुर्ल्याकडच्या रस्ताबाधित दुकानदारांनी पुनर्वसनाविरुद्ध थेट जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे अर्ज केला. घरे गेलेल्यांचेही अर्ज त्यामागून गेले. चौकशी झाली, आणि मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाचा पैसा काही महिने अडवला. दुकानदारांपाशी होते काय? कागद आणि सह्या.

मुलुंडचा अर्ज त्याच रात्री जिन्यात लिहिला. चौतीस सह्या झाल्या, पहिली आजींची. दोन प्रती काढल्या. एक आवक टेबलावर दिली, दुसरीवर शिक्का घेतला. एकाने विचारले, साहेब भेटले नाहीत तर? आम्ही म्हटले, साहेब नकोत, शिक्का हवा. महिनाभरात हालचाल झाली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारायचे, की आमच्या अर्जाचे काय केले. त्या अर्जाचा मसुदाही तयार आहे, कोणाला हवा असेल तर रविवारी सकाळी न्यावा.