ट्रेलर पाहून परीक्षण?

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतला नव्या सिनेमांवरचा आणि येणाऱ्या ट्रेलरांवरचा लेख वाचला. मते ज्याची त्याची; माहिती तरी तपासायची!

‘दशावतार’ (2025) म्हणे ‘रत्नागिरीच्या लोककलेवरचा’. अहो, दशावतार सिंधुदुर्गाचा. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या जत्रांमधला. आपल्याकडे रत्नागिरीत नमन-खेळे आणि जाखडी. शिमग्यात मृदंगावर थाप पडली की काळ्या झग्यातला संकासुर अंगणात येतो, तो आपला. (शहरातल्या लेखकाला सगळे कोकण एकच.) दशावतार ‘प्रथमच’ पडद्यावर आला, हेही चूक. अभिजीत वारंग यांचा ‘पिकासो’ 2021 सालीच आला. त्यात प्रसाद ओक दशावतारी कलावंतच आहेत.

‘मुंज्या’ मराठीच्या यादीत कसा? दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, गोष्ट कोकणातली, सिनेमा मात्र हिंदी.

‘कोकण म्हणजे भुतेच’ ही तक्रार अर्धी मान्य. पण मग ‘किल्ला’ कुठे गेला? अविनाश अरुण यांच्या या सिनेमाला 2014 साली बर्लिनमध्ये क्रिस्टल बेअर मिळाले. त्यात भूत नाही. बदली होऊन आलेली आई, वर्गात नवखा मुलगा आणि पाऊस आहे.

‘ट्रेलरमध्येच सारे कळते, तिकीट कशाला?’ हे तर कहरच. ट्रेलर ही जाहिरात. ‘दशावतार’मधला नजर अधू होत चाललेला, तरी रंगमंच न सोडणारा बाबुली मेस्त्री दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडून उभा केला. तो दोन-अडीच मिनिटांत मावत नाही.

लेखकाने पुढचा लेख तिकीट काढून, सिनेमा पुरता पाहून लिहावा.

कळावे,
एक वाचक, रत्नागिरी